पाटीवरचा भाव

दक्षिण फ्रान्समधल्या म्वासाक गावच्या रविवारच्या बाजारात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकच प्रश्न विचारला, आणि तोही द्राक्षांविषयी नव्हे, द्राक्षांच्या पेटीत खोचलेल्या पाटीविषयी. छोटी काळी पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेले: शासला (ही द्राक्षाची जात), म्वासाक, किलोला साडेचार युरो. आप्पांना फ्रेंच येत नाही, पण आकडा आणि त्यापुढची युरोची खूण त्यांनी ओळखली होती. "हा भाव कुणी लावला, ते विचार," असे ते मला म्हणाले. त्यांना महाग-स्वस्ताची चौकशी करायची असेल असे वाटून मी जरा टाळाटाळ केली, तर ते पुन्हा म्हणाले, "विचार तर खरं." मी विचारले. पेट्यांमागे उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईंना प्रश्नच कळला नाही. मी तो वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडला, तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली, माझ्याकडे आणि आप्पांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाल्या, "मीच. आणखी कोण लावणार?" मी ते आप्पांना सांगितले. त्यांनी मान हलवली, एक किलो द्राक्षे घ्यायला सांगितली आणि बाजारातून बाहेर पडेपर्यंत ते फारसे काही बोलले नाहीत. बाईंचे उत्तर साधेच होते. त्यांना प्रश्न कळला नाही, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी रोगाच्या भीतीने रात्री-अपरात्री केलेल्या फवारण्या, घड जीए ह्या वाढसंप्रेरकाच्या द्रावणात बुडवणे, मग विरळणी, ह्या क्रमाने आमच्या घरातले वर्ष चालायचे. सणवार त्यात बसतील तसे बसवले जायचे. थंडी कधी वाढेल आणि मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या कधी पेटवायच्या इथपर्यंतचा प्रत्येक निर्णय आप्पांचा असे. भाव तेवढा त्यांचा नसे. फेब्रुवारीत व्यापारी मोटारसायकलवरून बांधावर यायचा, दोन ओळींतून फेरी मारायचा, चार मणी तोंडात टाकायचा आणि चेहऱ्यावर काही उमटू न देता म्हणायचा, "आप्पा, बाजार डाऊन आहे." मग एक आकडा सांगायचा. आप्पा दोन रुपये वाढवून मागायचे, आठ आणे मिळायचे. उभ्या मालावर गारपीट झाली तर वर्ष वाया जाते हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे त्या बोलण्यात एका माणसाला घाई असायची आणि दुसऱ्याला नसायची. एका वर्षी तर पूर्ण बागेचा माल उचलून नेलेल्या व्यापाऱ्याचा फोनच बंद झाला, आणि पोलीस ठाण्यात तक्रार लिहून देणाऱ्या गावातल्या माणसांच्या रांगेत आप्पाही उभे राहिले. त्या वर्षानंतर घरात द्राक्षाच्या भावाविषयी बोलणे हळूहळू कमीच झाले.

म्हणून म्वासाकला मी त्यांना मुद्दाम नेले होते. तुलूझहून आगगाडीने फार वेळ लागत नाही. आम्ही राहतो तिथे विमानांचा कारखाना आहे, आणि त्यामुळे नाशिक-पुण्याकडची पुष्कळ घरे आहेत. पाहुणे आले की सगळे त्यांना कार्कासोनचा किल्ला दाखवतात. आप्पांना किल्ल्यात रस नव्हता. "शेती कुठे दिसंल?" हे त्यांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारले होते. ते २०२३ च्या सप्टेंबरात आले होते आणि शासलाचा हंगाम नेमका सुरू झाला होता, हा योग जुळून आला.

म्वासाकचा मठ जगप्रसिद्ध आहे. बाराव्या शतकातले त्याचे कोरीव दगडी दार बघायला लोक लांबून येतात. एकोणिसाव्या शतकात बोर्दोकडून भूमध्य समुद्राकडे जाणारा लोहमार्ग टाकताना ह्या मठाचे भोजनगृह पाडण्यात आले, आणि कुतूहलाची गोष्ट अशी की त्याच लोहमार्गाने इथली द्राक्षे पॅरिसला जाऊ लागली. मठाची खोली गेली आणि गावाला बाजारपेठ मिळाली. गावकऱ्यांना ह्यातले कोणते जास्त लागले असेल, हे आज कोण सांगणार? १९३० च्या मार्चमध्ये तार्न नदीच्या महापुराने गाव उद्ध्वस्त झाले, शंभराहून अधिक माणसे गेली. त्यातून सावरताना गावाने जे पुढे केले ते पुन्हा द्राक्षच: नदीकाठी द्राक्षरस पिण्यासाठी एक देखणा मंडप उभारला आणि इथे येऊन द्राक्षांचा पथ्योपचार करावा म्हणून लोकांना बोलावले. १९७१ मध्ये शासला द म्वासाकला, म्हणजे ह्या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या द्राक्षाला, कायद्याने नामसंरक्षण मिळाले. चीज आणि वाइन ह्यांना असे संरक्षण आधीपासून होते. टोपलीतल्या ताज्या फळाला ते मिळणे तेव्हा नवलाचे होते.

बाजार रेकोले चौकात भरतो. डोक्यावर छप्पर असलेला एक भाग आणि त्याच्या भोवती उघड्यावर मांडलेली टेबले. सप्टेंबरातल्या त्या सकाळी खरबुजे संपत आली होती आणि अंजिरे भरात होती. हिरवट सोनेरी रेन-क्लोद आलुबुखार इतके पिकलेले होते की पेटीच्या तळाशी रस साचून गांधीलमाश्या फिरत होत्या आणि कोणी त्यांना हाकलत नव्हते. लोत्रेकच्या गुलाबी लसणाच्या जुड्या टांगलेल्या होत्या. आप्पांनी एक पाकळी सोलून नाकाशी धरली आणि "आपल्यापेक्षा मऊ," एवढेच म्हणून ठेवून दिली. एका कोपऱ्यात कोंबड्या भट्टीत फिरत होत्या आणि त्यांची चरबी खालच्या बटाट्यांवर ठिबकत होती. आप्पा माळकरी असल्यामुळे तिथून आम्ही वाट वाकडी करून गेलो. पाठीवर पिशव्या आणि त्यांना शिंपला बांधलेले यात्रेकरू मधूनच दिसत. स्पेनमधल्या सांतियागोकडे पायी जाणाऱ्यांची वाट ह्याच गावातून जाते. ते पाव, एखादे चीज आणि मूठभर द्राक्षे घेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला आप्पांनी हात जोडले, आणि त्यानेही गोंधळून का होईना, जोडले.

त्या बाईंच्या हातातल्या कात्रीविषयी सांगायला हवे. शासलाचे मणी लहान, गोल, पातळ सालीचे आणि बियांचे. ज्या बाजूला ऊन लागलेले असते तिथे ते मधासारखे तांबूस होतात आणि उजेडात धरले तर आतले बी दिसते. घड तोडून आणला की तो देठाला धरून फिरवायचा आणि बारीक टोकाच्या कात्रीने तडकलेला, डागी, कोवळा राहिलेला एकेक मणी काढून टाकायचा, असे हे काम. बोट मण्याला लागू द्यायचे नाही, कारण मण्यांवरची पांढुरकी झाक पुसली गेली की माल हाताळलेला दिसतो. बाई गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, सुटे पैसे देत होत्या आणि मधल्या क्षणांत घड उचलून कात्री चालवत होत्या. वजनकाट्यावर घड ठेवण्याआधी त्यांनी आमच्याही घडातले तीन मणी कापून खालच्या डब्यात टाकले. आमच्याकडच्या विरळणीची कात्री अशीच असते, पण ते काम वेगळे. आम्ही वेलीवर, मणी ज्वारीच्या दाण्याएवढा असताना, उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून चांगले मणी काढतो. आप्पा त्या बाईंच्या मनगटाकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "डाव्या हातानं फिरवते, उजव्यानं कापते. घड खाली ठेवत नाही." त्यांच्या तोंडची ही मोठी पसंती होती.

फ्रान्सच्या गावबाजारात आपल्या माणसाचे हात बांधल्यासारखे होतात. टोमॅटो दाबून बघायचा नाही, भेंडीचे टोक मोडायचे नाही (भेंडी असलीच तर), वांगे उचलून वजन अजमावायचे नाही. आधी नमस्कार-चमत्कार, मग मागणी. नमस्कार विसरलात तर समोरचा तो स्वतः सावकाश उच्चारून आठवण करून देतो आणि तुम्ही तो म्हणेपर्यंत थांबतो. घासाघीस नाही. रांग दिसत नाही, पण असते. कोण कोणानंतर आले हे सगळ्यांना पाठ असते आणि पुढची आजी विक्रेत्याशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर बोलत असेल तर ती संपेपर्यंत मागचे सहाजण शांत उभे राहतात. सुरुवातीच्या काळात मला ह्या शिस्तीचा राग येई. आपल्याला माल पारखता येतो आणि पारखू दिला जात नाही, हा अपमान वाटे. तो राग एका खरबूजवाल्याने घालवला. मी खरबूज मागितले तेव्हा त्याने विचारले, कधी खाणार? मी म्हटले, संध्याकाळी. त्याने एक उचलले, देठाजवळची बारीक चीर बघितली, बुडाला अंगठा लावला, वास घेतला, ठेवले, दुसरे उचलले, तेही ठेवले, तिसरे दिले. माझ्या मागच्या माणसाला मंगळवारी हवे होते, त्याला वेगळ्या पेटीतले दिले. पारख त्याने स्वतःकडे घेतली होती आणि तिची जबाबदारीही. फळ बेचव निघाले तर पुढच्या आठवड्यात तो तिथेच उभा असणार होता आणि मीही. तरीही कोथिंबिरीची जुडी मोजून, तोलून, पूर्ण पैसे घेऊन दिली जाते तेव्हा आजही मन खट्टू होते. वर दोन मिरच्या टाकणारा हात नसेल, तर भाजी घेतली असे वाटतच नाही.

ह्या बाजारांकडे भाबड्या डोळ्यांनी बघू नये, हेही इथे राहून कळते. विणलेली टोपली, चौकड्यांचे कापड, खडूची पाटी एवढे दिसले की सगळे शेतकऱ्याच्या बांधावरूनच आले असे पर्यटकाला वाटते. पुष्कळ टेबलांमागे शेतकरी नसतोच; पहाटे शहराच्या घाऊक बाजारातून माल उचलून आणणारा व्यापारी असतो. टोमॅटोच्या शेजारी केळी, अननस आणि पेरूहून आलेले आवोकाडो दिसले की ओळखावे. कायद्याने प्रत्येक फळभाजीवर भाव आणि मूळ देश लिहावा लागतो, त्यामुळे लबाडीला जागा कमी. पण पाटीवरचे बारीक अक्षर वाचावे लागते. स्वतः पिकवणाऱ्याचे टेबल बहुधा छोटे असते आणि त्याच्यावर चारच गोष्टी असतात. त्यातली एक संपलेली असते. त्याचे हात बघितले की पाटी वाचायची गरज उरत नाही. ह्या सगळ्यांमधून नगरपालिकेचा माणूस कमरेला यंत्र लावून फिरतो आणि टेबलाच्या लांबीप्रमाणे मीटरवर जागाभाडे घेतो. कायमची जागा असलेले ठरलेल्या ठिकाणी मांडतात, बाकीचे सकाळी त्याच्या भोवती उभे राहून आज जागा मिळते का ह्याची वाट बघतात. पावती फाडताना होणारी कुरकुर निफाडच्या बाजारात असते तशीच इथेही असते, फक्त ती जास्त सभ्य शब्दांत होते.

म्वासाकहून मी आप्पांना ओव्हिलारला नेले. गारोन नदीवरच्या टेकडीवरचे विटांचे छोटे गाव. त्याच्या मधोमध गोल धान्यबाजार आहे, एकोणिसाव्या शतकात बांधलेला, भोवती खांबांचे वर्तुळ. धान्य मोजायची जुनी मापे तिथे अजून ठेवलेली आहेत. ह्या प्रदेशातली बरीच गावे तेराव्या-चौदाव्या शतकांत राजांनी आणि सरदारांनी आखून वसवलेली; त्यांत आधी बाजाराचा चौक सोडत आणि त्याच्या भोवती सरळ गल्ल्या काढत. दोर्दोन्यातले मोंपाझिये १२८४ चे, तुलूझच्या पूर्वेचे रेव्हेल १३४२ चे. रेव्हेलच्या लाकडी छपराखाली शनिवारचा बाजार आजही भरतो. बाजार भरवायचा हक्क देणे म्हणजे कर गोळा करण्याची सोय करणे, इतका तो रोकडा व्यवहार होता. पण लोकांनी त्या बदल्यात एक गोष्ट मागून घेतलेली दिसते: सगळ्यांसमोर, चौकात ठेवलेले, हलवता न येणारे माप. आप्पा त्या मापांपाशी बराच वेळ उभे राहिले. आमच्या घरी पायली आणि शेर अजून आहेत, लग्नात उंबरठ्यावर ठेवायला लागतात म्हणून. मापात पाप करणाऱ्या सावकाराची गोष्ट त्यांनी मला लहानपणी सांगितली होती, तीच पुन्हा सांगितली. मग म्हणाले, "माप सरकारनं बांधून दिलं. भाव कुणी बांधायचा, त्याचं काही लिहिलेलं नाही."

नोव्हेंबरात, छाटणी आटोपलेल्या बागेच्या ओढीने, आप्पा परत गेले.

ते गेले त्याच सुमारास इकडे गावांच्या नावांच्या पाट्या उलट्या होऊ लागल्या. शेजारच्या तार्न जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हे सुरू केले आणि बघता बघता ते देशभर पसरले. रात्रीतून जायचे, गावाच्या वेशीवरच्या पाटीचे स्क्रू काढायचे आणि ती उलटी करून नीट बसवायची. नासधूस काही नाही. सगळा कारभारच डोक्यावर चालतो आहे, एवढे सांगायचे. बाजाराला जाताना आम्ही चार उलटी गावे ओलांडून जात असू आणि माझा मुलगा मान वाकडी करून ती वाचत असे. मग १८ जानेवारी २०२४ ला तुलूझच्या दक्षिणेला कार्बोनपाशी शेतकऱ्यांनी ए-६४ महामार्ग गवताच्या गासड्यांनी बंद केला. शेतीच्या डिझेलवरची सवलत काढण्याचा बेत, गुरांवर आलेला नवा रोग, कागदपत्रांचा डोंगर आणि हातात न पडणारा भाव अशी कारणे होती. आठवड्याभरात तेव्हाचे पंतप्रधान गाब्रिएल आताल ह्या भागातल्या एका शेतावर आले आणि गासडीवर कागद ठेवून त्यांनी सवलती जाहीर केल्या. मी हे सगळे आप्पांना फोनवर सांगत असे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेला मोर्चा आमच्याच जिल्ह्यातून गेला होता. त्यातल्या बायकांच्या पायांची छायाचित्रे तेव्हा सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे रस्त्यावर उतरलेला शेतकरी त्यांना नवा नव्हता. त्यांना नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. "तिथं तर बाई स्वतः भाव लावत होती," ते म्हणाले, "मग हे भांडतात कशाला?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. त्याच हिवाळ्यात मी लालबांकच्या ट्रफलच्या बाजारात गेले होते. ओकच्या मुळांशी वाढणारी ही काळी बुरशी किलोला कित्येकशे युरोंना जाते. डिसेंबर ते मार्च, दर मंगळवारी दुपारी, गावाच्या रस्त्यावर लांब बाकांची ओळ लागते. बाकांमागे शेतकरी उभे, प्रत्येकापुढे एक टोपली, तिच्यात कापडावर मातीच्या ढेकळांसारखी दिसणारी ती ट्रफले. समोर दोरी. दोरीपलीकडून वाकून बघायचे, वास घ्यायचा; ठरलेल्या वेळी इशारा होईपर्यंत विक्री नाही. वास असा की रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच, ओल्या पानांचा, लसणासारखा, थोडासा अंगावर येणारा. पण भाव कुठेच लिहिलेला नव्हता. टोपली पुऱ्याच्या पुरी विकायची, आणि आकडा कानाशी तोंड नेऊन, शेजाऱ्याला कळणार नाही असा सांगायचा. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, तसे ते चालले होते. दोरी सुटली आणि थोड्याच वेळात बहुतेक टोपल्या रिकाम्या झाल्या. सगळ्यांत महाग मालाच्या बाजारात भाव कुजबुजीत ठरतो, आणि सगळ्यांत स्वस्त मुळ्याच्या जुडीवर तो खडूने ठळक लिहिलेला असतो, ही गंमत मला तिथून निघताना गाडीत सुचली. ती आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हती.

उत्तर पुढच्या सप्टेंबरात त्या द्राक्षवाल्या बाईंनीच दिले. मी एकटी गेले होते. त्यांनी मला ओळखले, किंवा निदान 'भाव विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी' म्हणून ओळखले. आप्पा कसे आहेत ते विचारले. मी सांगितले की ते स्वतः द्राक्षे पिकवतात, आणि त्यांनी तो प्रश्न का विचारला होता. बाई हसल्या नाहीत. बाजार उतरला होता, ऊन छपराच्या कडेपर्यंत आले होते, त्यामुळे त्यांना वेळ होता. त्या म्हणाल्या की पाटीवर भाव त्या लिहितात हे खरे, पण ह्या टेबलावर येतो तो त्यांच्या मालाचा लहानसा भाग. उरलेला मोठा भाग पॅकिंग करून पुढे पाठवणाऱ्याकडे जातो, तिथून मोठ्या दुकानसाखळ्यांकडे. त्याचा भाव माल गेल्यावर काही आठवड्यांनी कागदावर कळतो. त्या कागदावर काही लिहायची सोय नसते. दुकानात शेजारच्याच फळीवर इटलीची बिनबियांची द्राक्षे असतात, मणी दुप्पट मोठे, आणि पोरे बी थुंकायला तयार नसतात. शासलाचा एकेक घड कात्रीने साफ करायला माणसे लागतात. ती मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. शेजारच्या दोघांनी वेली उपटल्या. मग बाजाराला येता कशाला, असे मी विचारले. जाण्यायेण्याचा खर्च, पहाटे उठणे, पावसात उभे राहणे, शिवाय जागाभाडे. त्या म्हणाल्या, इथे पैसे त्याच दिवशी मिळतात. आणि जरा थांबून म्हणाल्या, लोक पुढच्या आठवड्यात येऊन सांगतात, गोड होती.

फ्रान्समध्ये ह्यावर कायदे झालेले आहेत. २०१८ चा एक कायदा सांगतो की शेतमालाच्या भावाची बोलणी उत्पादनखर्चापासून सुरू व्हावीत. बोलणी कुठून सुरू व्हावीत हे कायदा सांगू शकतो. घाई कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे तो बदलू शकत नाही. मूठभर साखळ्या विकत घेणाऱ्या आणि हजारो शेतकरी विकणारे, असा हा सौदा आहे. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा सरकारने उघड्यावरचे बाजार एका फटक्यात बंद केले आणि सुपरमार्केट चालू ठेवली. गावोगावच्या महापौरांनी प्रशासनाकडे अर्ज करून आपापले बाजार पुन्हा उघडून घेतले, ते भाजी कमी पडली म्हणून नव्हे, तर बाजार नसलेले गाव कसे दिसते हे त्यांनी आठवड्याभरात पाहिले म्हणून. मला हे बाजार आवडतात ते आता थोडे वेगळ्या तऱ्हेने. पूर्वी त्यांत मला एक जपून ठेवलेला जुना काळ दिसायचा. आता दिसते की काटेकोर हिशेब करणारी माणसे आठवड्यातून चार तास असा एक सौदा करायला येतात, ज्यात दोन्ही बाजूंना सारखीच घाई किंवा सारखीच सवड असते. बाकीचे दिवस त्यांनाही कागदावरचा भाव वाचावा लागतो.

हे सगळे मी आप्पांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. बाईंचाही बराचसा माल व्यापाऱ्याकडेच जातो हे ऐकून त्यांना वाईट वाटले की बरे वाटले, ते मला फोनवरून कळले नाही. मग त्यांनी विचारले, "टेबलावर किती क्रेट न्यायची ती?" मी म्हटले, असतील पंधरावीस. "रोज?" रोज नाही, आठवड्यातून दोनदा. ते मनात हिशेब करत असावेत.

परवाच्या हंगामात आईने फोनवर तक्रार केली की हे रोज दुपारी पिंपळगावच्या पुढे महामार्गाला जाऊन बसतात. तिथे मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला द्राक्षांची दुकाने पूर्वीपासून लागतात. आप्पांनी धाकट्या चुलतभावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्धे टेबल मागून घेतले होते. बागेचा सौदा नेहमीसारखा व्यापाऱ्याशीच झाला होता, पण शेवटच्या चार ओळी त्यांनी त्यातून वगळल्या होत्या. पुठ्ठ्यावर मार्करने भाव लिहिला होता, जातीचे नाव लिहिले होते, आणि गावाचेही. शेडमधल्या इतरांनी त्यांची पुष्कळ थट्टा केली, कारण भाव लिहिला की गाड्या न थांबताच पुढे जातात असा तिथला अनुभव आहे. गाड्या थांबल्या का, असे मी विचारले. आप्पा म्हणाले, थांबल्या. सगळा माल त्याच भावाने गेला, एक पैसाही कमी केला नाही. मागून आईचा आवाज आला, "त्या नागपूरवाल्यांना पाव किलो वर कोणी घातलं मग?" आप्पा म्हणाले, बरोबर लहान मूल होतं.